सगुणाबाईंची थुंकी कोणाच्या हवाली करायची?

मित्रांनो, मी थुंकी गोळा करायची एक जुनी नळी आहे. आत्ताच नाक मुरडू नका. किळस येण्यासारखं पुढे बरंच आहे.

माझा जन्म सातपूरच्या एमआयडीसीतला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात पडलं, गार झालं आणि मी बाहेर आले. अंगावर मापाच्या रेघा, डोक्यावर निळं झाकण. माझ्या सोबतच्या बऱ्याच नळ्या दवाखान्यांत गेल्या. मला मात्र 'राजकुळ' नावाच्या कंपनीनं उचललं आणि सोनेरी डबीत मखमलीवर निजवलं. डबीवर मुकुट, तलवारी आणि 'आपले रक्त, आपला अभिमान' अशी मोठी अक्षरं. मी अगदी हरखून गेले होते.

मग गंगापूर रोडवरच्या एका लॉन्समध्ये वधू-वर मेळावा भरला आणि मला तिथल्या टेबलावर मांडलं गेलं. टेबलामागे मयूर नावाचा गोडबोल्या विक्रेता उभा होता. "थुंकी द्या, कूळ घ्या! खात्रीचं सर्टिफिकेट! स्थळ बघताना कोणी बोट दाखवणार नाही!" असं तो ओरडत होता. एका मुलीच्या वडिलांनी, मुलगी शेजारी उभी असताना, विचारलं, "मुलाच्या रक्तात भेसळ असली तर कळेल ना?" दुधाबद्दल विचारावं तसं. मुलगी पायाच्या अंगठ्यानं गवत उकरत राहिली. मयूर हसून म्हणाला, "शंभर टक्के, काका." माझ्या अंगाखालची मखमल मला त्या दिवशी पहिल्यांदा टोचली.

मला विकत घेतलं ते रविराजशेठनी. दिंडोरीच्या द्राक्षांच्या व्यापारावर त्यांनी गंगापूर रोडला बंगला बांधला होता. मुलगा रोहित याचं लग्न जमत आलं होतं. मुलीचे वडील म्हणाले होते, "तुमच्या वडिलांकडचं आम्हाला ठाऊक आहे. आईकडचं काय ते दाखवा." आणि रविराजशेठची अडचण नेमकी तिथेच होती.

त्यांच्या आई सगुणाबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या. त्या लहान असताना दिंडोरीचे जमीनदार वाल्मीकबाबा यांनी त्यांना सांभाळलं, स्वतःची लेक म्हणून वाढवलं, लग्न लावून दिलं. त्या मूळच्या कोणाच्या, ते कोणी सांगितलं नव्हतं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी तोंडातून काढत नव्हतं.

डबी बघून सगुणाबाईंनी वेगळंच विचारलं. "कूळबीळ नको मला. माझ्या मागचं कोनी जित्तं हाय का, तेवढं कळंल का ह्याच्यात?"

त्यांची नात तेजस्विनी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिनं राजकुळच्या अटी मोबाइलवर शेवटपर्यंत वाचल्या. "नाही कळणार, आजी. हे लोक नातेवाईक शोधतच नाहीत, नुसतं कूळ छापून देतात. शिवाय तुझी माहिती लग्न जमवणाऱ्या वेबसाइटला विकायची परवानगी घेतात, आणि एकदा दिलेली थुंकी परत मागता येत नाही."

तिनं पुण्याच्या एका प्रयोगशाळेची साधी पांढरी डबी मागवली होती. "हे लोक जात-कूळ सांगत नाहीत. थुंकीतून ते कळतच नाही, असं स्पष्ट म्हणतात. ज्यांनी स्वतःहून परवानगी दिलीय त्यांच्याशी तुझा नमुना ताडून बघतील. तू म्हणशील तेव्हा तो नष्ट करतील. पण कोणी सापडेलच, असं नाही म्हणाले."

सगुणाबाईंनी दोन्ही डब्या हातात घेऊन पाहिल्या. "जो नाय सापडंल म्हनतो, त्याच्यावर माझा इस्वास बसतो," म्हणाल्या आणि पांढऱ्या डबीतल्या नळीत थुंकल्या. मला नाकारलं याचं वाईट वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

पण मी सुटले नव्हते. दोन दिवसांनी मयूर नमुना न्यायला आला. व्हरांड्यात रविराजशेठनी खालच्या आवाजात विचारलं, "आईच्या रक्तात भलतंच काही निघालं तर?"

"टेन्शन कशाला घेता, काका? त्यांची थुंकी द्यायचीच नाही. तुम्ही थुंका, नाव त्यांचं टाकू."

आणि मित्रांनो, रविराजशेठ माझ्यात थुंकले. वेलदोड्याचा वास येणारी ती कोमट, फेसाळ थुंकी माझ्या तळाशी जमली आणि अंगावर त्यांनी नाव लिहिलं, 'सगुणाबाई'. चहा घेऊन आलेल्या सगुणाबाई दारातच थांबल्या होत्या. मागे तेजस्विनी.

"माझी थुंकी बाटलीत न्यायची बी लाज वाटती व्हय रं तुला?"

तेजस्विनी म्हणाली, "पप्पा, तुमच्यात निम्मं आजीचंच आहे. फसवताय कोणाला?"

मयूर घाईघाईनं म्हणाला, "मॅडम, एवढं कोण बघतंय! आमची सर्टिफिकेटं आधीच छापलेली असतात, फक्त नाव घालायचं," आणि मग आपण काय बोललो ते कळून त्यानं जीभ चावली.

सगुणाबाईंनी चहा खाली ठेवला, मला मयूरच्या हातातून घेतलं आणि मोरीत रिकामं केलं. उकळत्या पाण्यानं, साबणानं खळखळून धुतलं. वाळल्यावर माझ्यात मिश्री भरली आणि मला कमरेच्या पिशवीत टाकलं. सकाळी दात घासताना त्या मला उघडत. माझ्या आयुष्यातला तेवढाच काळ स्वच्छ गेला.

काही महिने उलटले. मग पुण्याहून तेजस्विनीच्या मोबाइलवर निरोप आला. एका नमुन्याशी फार जवळचं नातं जुळत होतं, बहुधा सख्ख्या बहिणीचं. हरसूलच्या बायडाबाईंचा तो नमुना. त्यांची नात मीना नाशिकला एका दवाखान्यात नर्स होती आणि आजीच्या हट्टापायी तिनंही हीच प्रयोगशाळा निवडली होती. "दुसरे म्हणाले, आदिवासींचं काय शोधायचं? यांनी तसं विचारलं नाही," असं ती फोनवर म्हणाली.

रविराजशेठ आले नाहीत. तेजस्विनीनं गाडी चालवली. हरसूलला सारवलेल्या ओट्यावर बायडाबाई बसल्या होत्या. त्यांनी सगुणाबाईंचा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि निरखून पाहिला.

"सखू," त्या म्हणाल्या.

नागलीची भाकरी समोर आली. पण कोणी हात लावला नाही, कारण बायडाबाई बोलू लागल्या होत्या. "आमी भुईमुगाच्या काढणीला दिंडोरीकडं गेल्तो. तुला ताप आला. मुकादमानं टोळी दुसऱ्या गावाला हाकली. मालक म्हनला, पोर ठेवा, बरी झाली का न्या. परत आलो, तर म्हनला, पोर मेली, पुरली. आईनं इचारला, कुठं पुरली? तं त्यानं हाकून दिला."

"वाल्मीकबाबांनी?" सगुणाबाईंनी विचारलं.

"आईला काय पटला नाय. जीव हाय तवर दर साली जायची. बांधावर उभी ऱ्हाऊन हाका मारायची, सखू, सखू."

सगुणाबाई म्हणाल्या, "ती बाई... मी पाह्यलीय. बाबा म्हनायचे, येडी हाय ती, पोरं पळवती. मी तिला बघून घरात पळायची. आतून कडी लावायची, बायडे!"

त्या उठून ओट्याच्या कडेला गेल्या आणि ओकल्या. बायडाबाईंनी पाठीवर हात फिरवला. तोंड पुसून सगुणाबाई म्हणाल्या, "त्यानं मला लय जीव लावला गं. त्याला शिव्या द्यायला तोंड उघडत नाय, आन् आता त्याचं नाव घ्यायला बी उघडत नाय."

घरी परतलो तर दिवाणखान्यात सोनेरी चौकट लटकत होती. राजकुळचं सर्टिफिकेट! सगुणाबाई, मातुल कूळ राजघराण्याचे. थुंकीचा एक थेंबसुद्धा न देता आलेलं. समोर व्याही मंडळी पोह्यांच्या बश्या घेऊन बसली होती आणि मुलीचे वडील मान डोलावत होते. "वा! रक्त बोलतंच हो शेवटी."

सगुणाबाई चौकटीखाली उभ्या राहिल्या. "ते खोटं हाय. मी हरसूलच्या मजुराची पोर. माझ्या आईला सांगितलं का मी मेले, आन् मला सांगितलं का आई येडी हाय. माझी बहीन जित्ती हाय. लग्नाला येनार हाय."

मुलीच्या वडिलांनी बशी खाली ठेवून रुमालानं हात पुसले, जणू पोह्यांनाच काही लागलं होतं. रविराजशेठ ओशाळं हसले. "मनावर घेऊ नका. आईचं वय झालंय. भ्रम होतो तिला, काहीही बोलते."

त्या खोलीतली किळस मी आजही विसरले नाही. सगुणाबाई लेकाकडे वळल्या. म्हणाल्या, "असंच माझ्या आईला म्हनले व्हते."

रोहित उठला. त्यानं चौकट भिंतीवरून काढून पालथी ठेवली. स्थळ मोडलं. दुसऱ्या दिवशी सगुणाबाई हरसूलला राहायला निघाल्या, तेव्हा पिशवी गाडीत रोहितनंच ठेवली. रविराजशेठ वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसून होते.

मित्रांनो, माझं निळं झाकण आता ढिलं झालं आहे. मिश्री सांडते म्हणून बायडाबाई मला फेकायला सांगतात. फेकलं जाण्याआधी तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्याही घरी अशी डबी येईल. ती बनवणाऱ्यांना आधी विचारा, माझी थुंकी कोणाला दाखवणार? कोणाला विकणार? मी थांबा म्हटलं तर थांबणार का? जो तुमच्या रक्ताची थोरवी गाईल, त्याला दारातूनच परत पाठवा. आणि घरात कोणा म्हाताऱ्या माणसाच्या तोंडापुढे नळी धरण्याआधी त्याच्याजवळ बसा, आणि त्याला कोणाला शोधायचं आहे ते विचारा.