जरा जास्तच धरलेलं

टेलरबाईचं शिवणयंत्र खिडकीशी होतं, आणि खिडकीतून बंदरातली क्रेन दिसायची. क्रेनच्या माथ्यावरच्या काचेच्या कॅबिनमध्ये तिचा नवरा बसायचा. दुपारी डबा खाऊन झाला की तो कॅबिनचा दिवा दोनदा लावून विझवायचा. याचा अर्थ, जेवण फक्कड झालं. लग्न झाल्यापासून हा नेम होता, गिऱ्हाइकांनाही तो पाठ झाला होता. आजारपण आणि रुसवेफुगवे सोडले तर कधी मोडला नव्हता. रुसव्यातसुद्धा एकदा तरी दिवा लागायचाच.

हा माणूस वर चढला की राजा असायचा. जहाजातून उचललेली अवजड पेटी अशी अलगद खाली ठेवायचा की आतली काचेची भांडीसुद्धा जागची हलायची नाहीत. खाली उतरला की मात्र त्याला स्वतःचे मोजे सापडायचे नाहीत. त्यामुळे तो वरच राहिलेलं सगळ्यांच्या सोयीचं होतं, असं टेलरबाई म्हणायची.

अशात कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी वार्षिक तपासणीत त्याला काट्यावर उभं केलं आणि भुवया वर केल्या. वजन कॅबिनच्या नियमाबाहेर गेलं होतं. पुढच्या तपासणीपर्यंत उतरवा, नाहीतर खाली गोदामात बसा, असं त्यांनी सांगितलं. घरी येऊन त्याने ही बातमी दाराकडे बघत सांगितली. टेलरबाईच्या तोंडचं पाणी पळालं. गोदामात बसलेला नवरा तिला डोळ्यांसमोर आणवेना.

"यात घाबरण्यासारखं काय आहे?" लेक म्हणाली. ती पुलांचे आराखडे करणाऱ्या कचेरीत नोकरीला होती आणि कशालाच घाबरत नसे. "बाबा दिवसाला किती खातात ते मोजायचं. फोनमध्ये सोय आहे. पदार्थ लिहायचा, तो कॅलरी सांगतो आणि चांगलं असेल तर हिरवी खूण करतो, वाईट असेल तर लाल."

कामं वाटली गेली. आईने स्वयंपाकात काय किती पडलं ते सांगायचं, बाबांनी आपली वाढलेली ताटली किंवा डबा घरच्या काट्यावर ठेवून आकडा वाचायचा आणि लेकीने सगळं फोनमध्ये भरून शेवटची बेरीज करायची.

पहिल्याच दिवशी बटाट्याच्या रश्श्याला लाल खूण मिळाली. टेलरबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "फोनला जीभ आहे का? कधी चाखलाय त्याने माझा रस्सा?" पण नवऱ्याच्या कॅबिनचा प्रश्न होता, म्हणून तिने राग गिळला. रस्सा गेला, त्याच्या जागी भोपळ्याचं पाणचट सूप आलं. भात मुठीएवढा झाला. दूध-तांदळाच्या खिरीचं तर नाव काढायची सोय राहिली नाही. फोन रोज संध्याकाळी सांगायचा की बाबांचा दिवसाचा वाटा पुरेपूर संपला आहे. बाबा पोटातले कावळे दाबत मान डोलवायचे.

दुपारी दिवा मात्र दोनदा लागायचाच. सूप इतकं आवडतंय म्हणजे नवल आहे, असं टेलरबाईला वाटायचं.

तपासणीचा दिवस आला. वजन उतरलं होतं, नियमापेक्षाही बरंच खाली. नवरा खूश होऊन टेबलावरून उठायला गेला आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन परत बसला. हात पुढे करा म्हटल्यावर बोटं थरथरली.

"जेवता की नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

त्याने फोन दाखवला. रोजचा भरगच्च आकडा होता.

"फोन काहीही म्हणू दे. तुमचे गाल खरं सांगतायत. हिशोब कुठेतरी चुकलाय, तो शोधा. या हातांनी मी तुम्हाला वर पाठवणार नाही. आठवड्याने परत या. तेव्हाही असंच असलं तर मग कायमचा दुसरा माणूस बसवावा लागेल."

त्या आठवड्यात कॅबिनमध्ये बदलीचा माणूस बसला. दुपार झाली, टळली. दिवा लागला नाही. टेलरबाईने एका गिऱ्हाइकाच्या पॅंटला दोन्ही खिसे एकाच बाजूला लावले.

पॅंट उसवून झाल्यावर ती तडक उठून स्वयंपाकघरात गेली. "चुलीत गेला तो फोन," म्हणत तिने बटाटे चिरले आणि रश्श्याला फोडणी दिली. लेक सवयीने शेजारी येऊन उभी राहिली.

"तेल किती, आई?"

"दोन चमचे लिही."

"अगं, मी बघतेय ना. एकच घातलंस."

"एकच. पण दोन लिही."

"का?"

"का म्हणजे? कापड बेतताना शिवणीला दोन बोटं माया सोडतेच की मी. एकदा कमी कापलं की संपलं. तसंच हे. चुकून थेंब जास्त पडला असला तर? म्हणून मी आपलं सगळं जरा जास्तच सांगते."

"सगळं?"

"तेल, तांदूळ, बटाटे. सगळं."

खुर्चीतल्या नवऱ्याने घसा खाकरला. "म्हणजे तूसुद्धा?"

दोघी वळल्या.

"खालची पोरं पेटीचं वजन सांगतात त्यापेक्षा मी मनात नेहमी जास्त धरतो. नाहीतर क्रेन आडवी व्हायची. तीच सवय. ताटलीचा काटा बघायचो आणि त्यावर थोडं चढवून सांगायचो. म्हटलं, या घरात काळजी घेणारा मी एकटाच."

टेलरबाईने कपाळाला हात लावला. लेकीने फोन पालथा ठेवला. ती कानापर्यंत लाल झाली होती.

"तू काय केलंस गं?" बापाने विचारलं.

"पुलावर जितकी माणसं उभी राहणार, त्याच्या दीडपट धरायची असतात," ती पुटपुटली. "म्हणून मी रोज शेवटच्या बेरजेची दीडपट..."

मग लेकीने भराभर सगळं उलटं करून पाहिलं. खरा आकडा निघाला तेव्हा तिच्याच तोंडाचा आ झाला. बाबा इतके दिवस लिहिल्याच्या निम्मंसुद्धा खात नव्हते.

"शेजारची मांजर याहून जास्त खाते!" ती म्हणाली, आणि आधी बाप हसला, मग तिघंही पोट धरधरून हसले. हसता हसता टेलरबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिने पदर तोंडाला लावला.

"आणि दिवा का लावत होतात रोज? ते सूप माझ्याच घशाखाली उतरत नव्हतं!"

"तू खिडकीत बसलेली असायचीस ना," तो म्हणाला.

टेलरबाईने ताटली भरली, रस्सा वाढला, आणि लेकीने खरेखुरे आकडे फोनमध्ये घातले. रश्श्याला हिरवी खूण मिळाली. टेलरबाईने फोन हातात घेऊन ती खूण जवळून पाहिली, लांबून पाहिली, आणि संध्याकाळी कापड घेऊन आलेल्या दोन गिऱ्हाइकांना न विचारता दाखवली.

आठवडाभर घरात मोजूनच, पण पोटभर जेवण झालं. डॉक्टरीणबाईंनी वजन बघितलं, ते नियमात होतं. हात बघितले, ते दगडासारखे स्थिर होते. त्यांनी कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी डब्यात भात, रस्सा आणि छोट्या वाटीत खीर गेली. खिरीचा आकडा भरताना टेलरबाईचं बोट सवयीने थोडं पुढे सरकलं. तिने ते मोठ्या कष्टाने मागे घेतलं आणि होतं तेवढंच लिहिलं. दिवसभर तिला आपण काहीतरी अपुरं शिवल्यासारखं वाटत राहिलं.

दुपारी एक बाई कोटाचं माप द्यायला आली होती. टेलरबाईची फीत तिच्या खांद्यावर होती आणि डोळे खिडकीबाहेर. क्रेन थांबली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कॅबिनमध्ये दिवा लागला, विझला. परत लागला, विझला. आणि आजवर कधी झालं नव्हतं ते झालं, दिवा आणखी एकदा लागला.

टेलरबाई हातातली फीत सोडून टाळ्या वाजवायला लागली.

"तिकडे दिवा लागला का हो?" त्या बाईने मान वळवून विचारलं. "दोनदा ना?"

"तीनदा," टेलरबाई ठासून म्हणाली. "बरोबर तीनदा. मोजलेत मी."