माय हातात असताना

ऑक्टोबर लागला की पालमच्या कडेच्या ख्रिस्ती वस्तीत मरियामातेची मूर्ती घरोघर फिरायला निघते. तो जपमाळेचा महिना. मूर्ती दीड हात उंच, निळ्या झग्याची, नाकाचा टवका उडालेली. वस्तीतलं कोणी तिला मूर्ती म्हणत नाही. माय म्हणतात. आज माय कोणाच्या घरी हाय, उद्या कोणाकडं जायची, असंच बोलणं चालतं. संध्याकाळी सगळे त्या घरात जमून जपमाळ म्हणतात. माय रात्रभर तिथं राहते आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्या घरचं माणूस तिला उचलून अनवाणी शेजारच्या उंबऱ्यापर्यंत नेतं. तिथली बाई तांब्या घेऊन उभी असते. मायला आणणाऱ्याच्या पायावर ती पाणी घालते, हातानं पाय धुते, पदरानं पुसते आणि मग मायला घरात घेते.

ही रीत फादरांनी शिकवलेली नाही. जुन्या माणसांनी घातली आणि ती रुळून गेली. तसाच आणखी एक समज आहे. माय हातात असताना माणसानं खोटं बोलू नये, बोललं तर ते घरावर उलटतं. फादर म्हणतात, अहो, खोटं कधीच बोलू नये, मायपुरतं काय घेऊन बसलात? लोक मान हलवतात आणि आपलं तेच धरून चालतात.

बायनाबाईचं आणि अंबाबाईचं घर एकाला एक लागून. मधे कमरेएवढी भिंत. एके काळी त्या भिंतीवरून कालवणाच्या वाट्या इकडून तिकडं जायच्या. दोघींच्या पोरांचा, बायनाबाईच्या महारुद्रचा आणि अंबाबाईच्या भुजंगचा, बाप्तिस्मा एकाच दिवशी झालेला. पोरं मोठी झाली आणि दोघंही उसाच्या ट्रॅक्टरवर लागली. भुजंग चालवायचा, महारुद्र मडगार्डवर बसायचा. दोन वर्षांमागं, ऐन हंगामात, कारखान्याच्या वाटेवर महारुद्र खाली पडला आणि भरल्या ट्रॉलीचं चाक त्याच्या अंगावरून गेलं.

भुजंगनं पोलिसांना सांगितलं, फादरांना सांगितलं, वस्तीला सांगितलं, की महारुद्र जागेवरच गेला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पण जीव राहिला नव्हता. मग माणसं बोलवायला पळालो. सगळ्यांना ते पटलं. येईल ती बाई बायनाबाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "लेकराला काय कळलंबी न्हाई गं बायना. झोपंत गेल्यावानी गेलं."

बायनाबाई ऐकून घ्यायची. पण मयताला शेवटची आंघोळ तिनं स्वतः घातली होती. महारुद्रची उजवी मूठ आवळलेली होती. ती तिनं एकेक बोट करून उघडली तेव्हा आत माती निघाली, गवताची मुळं निघाली. नखं मातीनं भरली होती. जागेवर गेलेला माणूस माती कशाला उकरील? हे तिनं कोणाजवळ काढलं नाही. सून राजेश्री, तिलाही सांगितलं नाही. विधवा पोरीच्या डोक्यात तेवढं आणखी कशाला घालायचं?

तिथून तिचं जगणंच आडवाटेला लागलं. नळ अंबाबाईच्या दारासमोर होता, म्हणून ती पाण्याला लांबच्या बोअरवर जायची. देवळात ती अंबाबाईच्या उलट्या बाजूला, भिंतीकडं तोंड करून बसायची. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, एकमेकांना शांतीचा नमस्कार करायची वेळ आली की खाली बघायची. आणि ख्रिस्तप्रसादाची रांग लागली की जागची हलायची नाही.

फादरांनी एकदा विचारलं होतं, "बायनाबाई, तुम्ही रांगेत येत नाही?"

"पोटात इस्तू घिऊन देवाला गिळू का फादर?" ती म्हणाली. "त्यालाबी पोळंल."

फादर वसईकडचे, वयानं लहान. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते मोटारसायकलीवर बसले.

गेल्या साली माय अंबाबाईच्या घरून निघाली तेव्हा बायनाबाईनं दार लावून घेतलं होतं. लोक माय घेऊन तिच्या दारावरून पुढं गेले. या साली अंबाबाई मोरीत घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ती खाटेला खिळली. म्हणजे माय आणायची तर भुजंगनंच. वस्तीत प्रार्थना चालवणारे सिताराम मास्तर आदल्या दिवशी बायनाबाईच्या ओट्यावर येऊन बसले. टोपीची घडी करत राहिले, मोडत राहिले.

"बोला की मास्तर. टोपी फाटंल."

"न्हाई, म्हणलं, उद्या माय निघती शेजारून. अंबाबाई तर खाटंवर. पोरगं आणंल. तुमाला ताप नको. आमी आपलं परस्पर पुढल्या घरी नेतो."

"कामून? माझं घर वाळीत टाकलंय का?"

"आवो, गेल्या साली तुमीच कडी लावली व्हती ना!"

"गेल्या सालचं गेल्या साली. आणू द्या त्याला."

मास्तरांनी तिच्याकडं निरखून बघितलं. "भांडण न्हाई ना काढायचं? हातात माय ऱ्हाती."

"म्हणूनच आणू द्या म्हणलं," बायनाबाई म्हणाली.

मास्तरांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीनं घेतला. बायनाबाईचं मन पाघळलं म्हणून त्यांनी गल्लीभर सांगितलं. बाया हसल्या. "मास्तर इतके वरीस मोठ्यानं वरडायलेत, एक प्रार्थना तर पोचली म्हणायची!"

पण मन पाघळलं नव्हतं. बायनाबाईनं फास मांडला होता. माय हातात घेऊन भुजंग खोटं बोलला तर देव बघून घेईल. त-त प-प केलं तर वस्ती बघून घेईल. काहीही झालं तरी तो सगळ्यांसमोर उघडा पडणार होता. एवढाच विचार करत तिनं दुसरा सगळा दिवस काढला. राजेश्रीनं ओटा सारवला, दाराला झेंडूचं तोरण बांधलं. सासूच्या हातून आज काहीतरी चांगलं व्हायलंय म्हणून ती हलक्या पायानं वावरत होती. बायनाबाई तिच्याकडं बघत नव्हती.

दिवे लागले. गाणं म्हणत माणसं अंबाबाईच्या घरातून बाहेर पडली. पुढं भुजंग, माय छातीशी धरलेली, पायात काही नाही. दोन वर्षांत पोरगं वाळून काडी झालं होतं. बायनाबाई उंबऱ्यात उभी राहिली. तांब्या राजेश्रीच्या हातात होता.

"थांब तितंच."

गाणं विसकटून थांबलं.

"भुजंग, तुझ्या हातात माय हाय."

"व्हय मावशी."

"मग सांग. माझा महारुद्र जागेवर गेला का?"

"बायनाबाई, हे काय काढलं आता?" मास्तर पुढं आले.

"तुमी गप बसा मास्तर. तुमाला न्हाई इचारलं."

भुजंगनं खाली बघितलं, मायच्या डोक्याकडं. बायनाबाईला वाटलं, आता अडखळंल, आता खोटं बोलंल. तिसरं काही होईल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"न्हाई," तो म्हणाला.

त्यानं मायला छातीशी आणखी घट्ट धरलं.

"जागेवर न्हाई गेला मावशी. बोलत व्हता. भुजंग्या, मला धर, म्हणला. लय येळा म्हणला. मी खाली उतरलो, त्याला बघितलं आन् माझं काळीजच गेलं. मी जवळच गेलो न्हाई. तुरीतून पळालो. पळताना आवाज ऐकू येत व्हता. मांडीवर डोकं घेतलं म्हणलो ते खोटं हाय. मी त्याला हातबी लावला न्हाई."

मागं कोणीतरी बाई रडायला लागली. राजेश्रीच्या हातून तांब्या सुटला. पाणी ओट्यावरून खाली वाहून गेलं आणि ती भिंतीला पाठ लावून तिथंच बसली.

दोन वर्षं बायनाबाईनं हेच मागितलं होतं. ते मिळालं आणि ठेवायला तिच्याजवळ जागा नव्हती. तिनं वाकून तांब्या उचलला आणि आत गेली. लोकांना वाटलं, झालं, आता दार लागणार.

आत अंधारात रांजणाजवळ ती उभी राहिली. फास मांडताना अर्धी रीत तिच्या ध्यानात राहिली होती. अर्धी ती विसरली होती. मायला आणणारा कोणी असो, कसा असो, त्याचे पाय धुवावे लागतात. पाय निवडून घ्यायची सोय त्या रीतीत नव्हती. दार लावलं तर माय रस्त्यावर त्याच्या हातात तशीच राहील. आणि तो तसाच उभा राहील, हेही तिला माहीत होतं. खोटं बोलला असता तर कोणाला कळलं असतं? बघायला कोण होतं तिथं? तिनं खरं मागितलं, आणि त्यानं दिलं. महारुद्रनंही त्याला काहीतरी मागितलं होतं. तेवढं मात्र याच्यानं देणं झालं नव्हतं.

तिनं रांजणात तांब्या बुडवला.

बाहेर येऊन ती त्याच्या पायाशी बसली. पाय भेगाळलेले होते, टाचा मातीनं काळ्या पडल्या होत्या. हेच पाय तुरीतून पळाले. तिनं पाणी ओतलं आणि हात लावला. भुजंग पाय मागं घ्यायला लागला तसं मास्तरांनी त्याला मागून धरलं. तिनं एक पाय धुतला, मग दुसरा. पदर हातात घेतल्यावर मात्र ती थांबली. मग पाय पुसले आणि उठून त्याच्या हातातून माय घेतली. तोंडाकडं बघितलं नाही.

"पालमला जा," ती म्हणाली. "पोलिसात जे खोटं सांगितलंस ते मोडून खरं सांगून ये. आन् बायना मावशीनं माफ केलं असं कोणाला सांगत फिरू नको. मलाच आजून ठाव न्हाई."

त्या संध्याकाळी जपमाळ झाली, पण म्हणणाऱ्यांचे आवाज निम्मेच होते. राजेश्री आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

सकाळी भुजंग पालमला गेला. दुपार झाली तरी परत आला नाही. गल्लीत दोन मतं पडली. कोणी म्हणे, पाय धुतले मग पोलिसात कामून धाडलं? कोणी म्हणे, धाडायचं व्हतं तर पाय कामून धुतले? बायनाबाईपर्यंत दोन्ही पोचलं. ती भाकरी करत होती.

भिंतीपलीकडून अंबाबाईचं कण्हणं ऐकू येत होतं. सकाळपासून तिच्याकडं कोणी फिरकलं नव्हतं. तिची लेक गंगाखेडला दिलेली, तिला निरोप गेला होता, पण ती लगेच कुठून येणार? बायनाबाईनं भाकरी ताटलीत घेतली, वाटीत दूध घेतलं आणि दोन वर्षांनी त्या घरात पाय टाकला.

अंबाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. अंथरूण ओलं झालं होतं. बायनाबाईनं ते बदललं, तिचं अंग पुसलं, उशाला गोधडीची घडी दिली आणि भाकरी दुधात कुस्करायला घेतली.

"मला ऐकू आलं काल सगळं," अंबाबाई म्हणाली.

"भिंतच हाय मधी. येणारच."

"मला पहिल्यापासून ठाव व्हतं बायना. झोपंत वरडायचा तो. मीच म्हणलं, बोलू नको, एक पोरगं गेलंय तेवढं बास."

बायनाबाईचा हात वाटीतच थांबला. समोर आता वस्ती नव्हती, मास्तर नव्हते, माय नव्हती. पाय धुवायची रीतही नव्हती. उठून घरी गेली असती तरी कोणी नाव ठेवलं नसतं.

"आता जाशील ना उठून?" अंबाबाईनं विचारलं.

"तोंड उघड."

"बायना..."

"तोंड उघड म्हणते ना. दूध गार व्हायलंय."

अंबाबाईनं तोंड उघडलं. चार घास गेल्यावर तिला कूस बदलायची होती. बायनाबाईनं तिच्या कमरेखाली दोन्ही हात घातले आणि तिला हळूच वळवलं. तशी अंबाबाई कळवळून ओरडली आणि तिनं बायनाबाईचा दंड घट्ट धरला.

"झालं, झालं. धरलंय मी," बायनाबाई म्हणाली, आणि मग तिलाच हुंदका आवरेना. अंबाबाईला तसंच धरून ती खाटेच्या कडेला बसून राहिली.