रिकामी बाबागाडी

माझे गुडघे बिघडलेत ही बातमी मी घरात कुणालाही दिली नव्हती. आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली, धापा टाकणाऱ्या पोरांना "नाटकं बंद" म्हणून आणखी एक फेरी मारायला लावली. आता मीच भिंत धरून बाथरूमला जाते, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? लेकीची मला धास्ती नव्हती. ती दातांची डॉक्टर. माणसाच्या तोंडाखाली तिचं लक्षच जात नाही.

पण तिनेच एक दिवस जेवताना विषय काढला. जावयाला ऑफिसच्या कामासाठी परदेशात पाठवत होते, त्याला जोडून सगळ्यांनीच जायचं ठरलं होतं, आणि त्या सगळ्यांत मीही होते. "शहर पायीच हिंडायचंय, आई," लेक म्हणाली. "झेपणार नसेल तर आत्ताच सांग. तुला मामाकडे ठेवून जाऊ."

ठेवून जाऊ म्हणे. मी काय कुंडी आहे? आणि मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ, जो दिवसभर टीव्हीशी भांडतो. "मला काय धाड भरलीय," मी म्हणाले आणि टेबलाखाली गुडघा चोळत राहिले. मला जायचं होतं. विमानात खिडकीशी बसायचं होतं, ज्या गल्लीत आपल्याला कुत्रंही ओळखत नाही अशा गल्लीत फिरायचं होतं. आत्ता नातवंडं सांभाळायला माझी गरज होती. ती मोठी झाली की मला कुणी कुठे नेणार नव्हतं.

बाबागाडी घ्यायला दुकानात आमची वरातच गेली. लेक, जावई, चार वर्षांची ठमी, दीड वर्षाचा गोळा आणि मी. जावईबापू लोकांच्या घरची किचनं डिझाइन करतात. खिशात कायम टेप. कुणाकडे गेले की आधी घरच्या बाईच्या कोपराची उंची मोजतात, मग ओट्याची, मग चहा घेतात. त्यांनी हेरून ठेवलेली गाडी छत्रीसारखी मिटत होती. एका हाताने उचलता येते, विमानात डोक्यावरच्या कप्प्यात जाते, ट्रॅमच्या दारातून आत शिरते, असं दुकानातली मुलगी सांगत होती आणि जावईबापू तिचा शब्द न् शब्द मोजून बघत होते.

मी सहज म्हणून गाडीच्या दांड्यावर हात टेकले. पुढची चाकं हवेत उठली आणि मी गाडीसकट मागे पडता पडता वाचले.

"ही नको," मी म्हणाले. "पोरं पडतील."

"पोरं दांड्याला लटकणार नाहीयेत, आई," लेक म्हणाली.

शेजारी दुसरी उभी होती. धिप्पाड, पुढेमागे दोन सीट, जाड चाकं, पायाने दाबायचा ब्रेक. मी टेकले, तिने हूं की चूं केलं नाही. दोन पावलं टाकली तरी गुडघे गप्प. मग मी अख्ख्या दुकानात एक चक्कर मारली. काय सांगू, कित्येक महिन्यांनी मी ताठ चालत होते. समोरच्या आरशात लंगडी म्हातारी नव्हती, नातवंडं सांभाळणारी भक्कम आजी होती. काठी घेतली की लोक कीव करतात, बाबागाडी घेतली की निमूट वाट देतात. माझा त्या गाडीवर जीव जडला.

"ही उचलायला हमाल लागेल," लेक म्हणाली. "स्टेशनातली लिफ्ट बंद असली तर? आणि ठमी बसणार आहे का गाडीत?"

"मी मोठी आहे," ठमी म्हणाली.

मी ठमीला खेळण्यांच्या कपाटामागे नेलं आणि तिच्या आईने घरात बंदी घातलेलं चॉकलेट पर्समधून काढलं. बाहेर आल्यावर ठमीने जाहीर केलं की तिला पुढच्या सीटवर बसायचंच आहे, आणि आईजवळ तोंड उघडायचं नाही असं आजीने सांगितलंय. दातांच्या डॉक्टरने आम्हा दोघींकडे रोखून बघितलं.

मग मी भाषणच ठोकलं. ऊन, पाऊस, खड्डे, पेंगणारी पोरं, सामानाची जाळी. थापा मारायला बसले की मी हात आखडता घेत नाही. जावईबापूंनी अजिबात वाद घातला नाही. टेप काढून चाकं मोजली, रुंदी मोजली, दांडा खालीवर करून मोजला आणि म्हणाले, "हीच घेऊ." लेकीने आ वासला. जावयाला गुंडाळलं म्हणून मी मात्र दोन दिवस स्वतःवर खूश होते.

परदेशात पोचलो आणि गाडीत एकही पोर टिकेना. गोळ्याला बापाचे खांदे हवेत, ठमीला फुटपाथची कड. मी आपली रिकामी गाडी ढकलत सगळ्यांच्या पुढे. दगडी गल्ल्या, ट्रॅमचे रूळ, चढ, काही म्हणून सोडलं नाही. एक बाई कौतुकाने छताखाली वाकली, तर तिला आत एक पाव आणि जावयाचे ओले बूट दिसले. ती घाईघाईने निघून गेली.

"ही हॉटेलवरच ठेवूया की," लेक रोज म्हणायची.

"आणि पोरं दमली तर?" मी रोज म्हणायचे. कार्टी दमत नव्हती. कधीमधी जावई ढकलायला घ्यायचे, तेव्हा ताडासारखा माणूस कमरेत वाकून ढकलायचा. दांडा वर घ्यावा, एवढंही सुचू नये? जगाची मापं काढतात आणि स्वतःचं ठाऊक नाही, असं मी मनात म्हणायचे.

रविवारी मत्स्यालयात गेलो. आत काचेचा बोगदा आहे आणि डोक्यावरून शार्क जातो, असं सांगून ठमीने आठवडाभर माझं डोकं खाल्लं होतं. खरं तर मीही तिच्याइतकीच उतावीळ झाले होते. दारात रखवालदाराने हात आडवा केला. पोर बसलेलं असेल तरच गाडी आत, रिकामी गाडी बाहेर ठेवायची.

"सुटलो," लेक म्हणाली.

माझे हात दांड्यावरून निघेनात. गोळ्याला बसवायला गेले तर त्याने अंगाची कमान करून असा टाहो फोडला की रखवालदारानेच कान झाकले. आत तो बोगदा दिसत होता. लांबलचक, धरायला काही नाही, नुसती काच आणि माणसं.

"तुम्ही जाऊन या," मी म्हणाले. "मला नाही आवडत मासे. मी बसते इथे." एवढ्या लांब येऊन मी दारात सामान राखत बसणार होते.

तेवढ्यात जावईबापूंनी ठमीला उचलून पुढच्या सीटवर ठेवलं आणि रखवालदाराला इंग्रजीत सांगितलं, हिचा पाय दुखतोय. मी बघतच राहिले. हा माणूस कपाटाच्या फळीबद्दलसुद्धा खोटं बोलत नाही. रखवालदार ठमीसमोर उकिडवा बसला.

"काकांना दाखव, कसं दुखतं," बाप म्हणाला.

ठमीला नाटकाची भारी हौस. ती खाली उतरली. एक हात कमरेवर, दुसरा भिंतीवर. उजवा गुडघा न वाकवता पाय बाजूने ओढत दोन पावलं गेली, थांबली, ओठ दाबून हळूच "आई गं" म्हणाली आणि कुणी बघत तर नाही ना, म्हणून मागे वळून बघितलं. रखवालदाराचा चेहरा पडला. त्याने स्वतः उचलून तिला गाडीत बसवलं आणि दार धरून उभा राहिला.

लेक हसत नव्हती. "हे कुठे शिकलीस गं?"

"आजी सकाळी बाथरूमला जाते ना," ठमी म्हणाली, "तशी."

बिंग फुटलं. लेक माझ्याकडे बघत होती, आणि या वेळी तोंडाच्या खाली बघत होती. मग तिने दांड्यावर टेकलेली माझी कोपरं बघितली, आणि मग नवऱ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"आई दुकानात टेकल्या तेव्हाच कळलं," ते म्हणाले. "दांडा त्यांच्याच मापाने लावलाय."

म्हणजे इतके दिवस हा माणूस माझ्यापायी कंबर मोडून घेत होता आणि मी त्याला खुळ्यात काढत होते. मला लाज वाटली, बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे नाक वाहायला लागलं.

लेकीने पाव, बूट, बाटल्या सगळं गाडीतून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. तिचे डोळे भरले होते. "घरी गेल्यावर गुडघे दाखवायचे," ती म्हणाली. "नाटकं बंद."

"दाखवीन," मी ब्रेक सोडत म्हणाले. "आधी मला मासे दाखव."