जॉन्सन की लुई

अमरचंदांनी पगडी डोक्यावर ठेवली, उंबऱ्यापर्यंत गेले, आणि परत येऊन ती खुंटीला अडकवली. सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं.

“जाऊन या की,” आतून तारादेवी म्हणाली. “पोरीचे बाप तुम्ही. तुम्ही न्हाई जाणार तर मंग कोण जाणार?”

“साऱ्या गावाला खमतखामणा करून आलो. सुरजमलजींचंच घर तेवढं लांब पडून राह्यलं.”

“चार घरं सोडून हाय!”

अमरचंद गादीवर बसले.

मधल्या दारामागे मंजू ताटात मूग घेऊन निवडत होती. एकच मूठ ती पुन्हा पुन्हा निवडत होती, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. काल संवत्सरीचा उपवास झाला होता. आज पारणं करून घरोघर जायचं आणि वर्षभरात बोलण्याचालण्यात जे चुकलं त्याची हात जोडून माफी मागायची, हाच खमतखामणा. आजही जो आला नाही, त्यानं नातं तोडलं असं जालन्यातले सगळे जैन धरून चालत. तिचे होणारे सासरे सुरजमलजी आज आले नाहीत, तर तिची सगाई मोडली हे कुणी वेगळं सांगायची गरज उरणार नव्हती. मंठ्याच्या एका घरची माणसं आपली मुलगी सांगून त्यांच्याकडे येऊन गेल्याचंही तिच्या कानावर आलं होतं.

पारस, म्हणजे सुरजमलजींचा मुलगा, हैदराबादला कॉलेजात होता. लग्नानंतर तिनंही इंटर सायन्सला नाव घालावं, असं त्यानं बहिणीकरवी कळवलं होतं. तेव्हापासून मंजू मॅट्रिकची पुस्तकं कुणाला देत नव्हती.

आणि हे सगळं अडलं होतं दोन मुष्टियोद्ध्यांवर.

अमरचंदांनी दुकानात पुड्या बांधायला सिकंदराबादच्या फौजी क्लबातली रद्दी घेतली होती. तीत मुष्टियुद्धाची इंग्रजी मासिकं निघाली. कव्हरं फाटलेली, वर्षं उलटसुलट मिसळलेली. मंजू ती बापूजींना वाचून दाखवी, आणि बापूजी दुसऱ्या दिवशी दुकानात सुरजमलजींना तिखटमीठ लावून सांगत. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जमिनीकडे बघत चालणारी ही दोन माणसं दुपार दुपार ठोशांवर बोलत बसत. जॅक जॉन्सन अमरचंदांचा, जो लुई सुरजमलजींचा. दोघांच्या भराच्या काळात तीसेक वर्षांचं अंतर आहे आणि जॉन्सन वारलासुद्धा, हे मंजूनं तारखा जुळवून शोधून काढलं, तोवर दोघांच्या बाजू पक्क्या झाल्या होत्या.

“मेला तर काय झालं?” अमरचंद म्हणाले होते. “भरातला जॉन्सन धरा अन् भरातला लुई धरा. मंग बोला.”

आषाढात एकदा बोलणं वाढलं आणि भर बाजारात अमरचंदांच्या तोंडून निघून गेलं, “ज्याला माणसाची पारख न्हाई, त्याच्या घरात पोरगी तरी कशी द्यावी?” सुरजमलजी तसेच उठून गेले होते. ते पुन्हा आले नव्हते.

उन्हं अंगणात आली तेव्हा जोड्यांचा आवाज झाला. मंजूचा हात ताटातच थांबला.

“खमतखामणा, अमरचंदजी,” सुरजमलजी दारातूनच हात जोडून म्हणाले. “काही चुकलं असंल, तर माफ करा.”

अमरचंद धडपडत उठले. “आमच्याकडूनबी. मीच येणार होतो. बिलकुल निघूनच राह्यल्तो.”

पगडी खुंटीला तशीच होती. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

सुरजमलजी गादीच्या कडेला बसले. पावसाचं बोलणं झालं, कपाशीचं झालं. लग्नाचा शब्द निघाला नाही. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

“एक इचारू? ते सारं वाचते तर तुमची पोरगीच. तिलाच इचारा की, कोण जिंकलं असतं?”

अमरचंदांचा चेहरा उजळला. “इचारा ना! मंजू, सांग गं!”

बापूजी इतके खुश का झाले, हे मंजूला ठाऊक होतं; ती त्यांचीच बाजू घेणार अशी त्यांची खात्री होती. सगाई झाल्यापासून ती सुरजमलजींसमोर येत नव्हती, त्यांच्याशी बोलत नव्हती. उत्तर द्यायचं तर आईच्या कानात द्यायचं आणि आईनं दाराआडून सांगायचं. तारादेवी पदर पुढे ओढून दाराशी आली आणि तिनं कान मंजूच्या तोंडाजवळ नेला.

लुई म्हटलं की झालं, सगाई वाचली. पण लुई डावा ठोसा मारून हात मागे घेताना खाली आणतो, हे मंजूनं वेगवेगळ्या लढतींच्या वर्णनांत ताडून पाहिलं होतं. जॉन्सन वाट बघणारा माणूस. त्याला तेवढी फट पुरली असती. शिवाय वर्षभराच्या खोट्याची माफी मागून अजून एक दिवसही झाला नव्हता.

“जॉन्सन,” ती पुटपुटली.

तारादेवीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग ती बाहेरच्या बाजूला तोंड करून मोठ्यानं म्हणाली, “लुई म्हणून राह्यली.”

मग सुरजमलजी परत आले आणि गादीवर चांगली मांडी घालून बसले.

“पाणी आणा थोडं,” ते म्हणाले. “अन् पंचांग हाय का घरात? मार्गशीर्षातलं बघून ठेवू. पोरगा जल्दी करून राह्यला.”

ते गेल्यावर अमरचंद मधल्या दारात येऊन उभे राहिले. तारादेवी चुलीपाशी पाठमोरी होती. तिच्या हातातली पळी भांड्यात फिरायची थांबली.

“लुई म्हणालीस तू?” त्यांनी विचारलं. “खरंच?”

मंजूनं आईच्या पाठीकडे पाहिलं.

“हो, बापूजी.”

ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. कधी नव्हे ते स्वयंपाकघरात आले आणि मुगाच्या ताटापलीकडे जमिनीवर बसले.

“मंग माझंच चुकून राह्यलं असंल इतके दिवस,” ते हळूच म्हणाले. “तू उगीच न्हाई म्हणायचीस. समजावून सांग बरं मला, बराबर.”

पळी पुन्हा फिरू लागली. मंजूनं ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

“लुईचा हात लांब आहे,” ती म्हणाली. “दोनेक इंचांनी.”

अमरचंदांनी आपला डावा हात समोर लांब केला आणि ते बोटांच्या टोकांकडे बघत राहिले.

“हं,” ते म्हणाले. “अजून?”