एकोणीस सेकंदांचा सूर

“म्हणजे मी नुसता आ वासून उभं राहायचं?” रेजिसने विचारलं.

“हो. सूर ओदीलच्या कीबोर्डातून येईल. तुझाच आवाज आहे रे, नव्व्याण्णव सालच्या रेकॉर्डिंगमधला,” लिओनेल गिटार लावत म्हणाला.

“दातांच्या डॉक्टरकडे सवय झालीय म्हणा मला.”

कोणी हसलं नाही. ओदील म्हणजे मी; मीही हसले नाही.

रेजिस म्हणजे एपिनाल गावात शाळेची बस चालवणारा माणूस. घसा बसेल म्हणून पोरांवर कधी खेकसला नाही. कशासाठी? तर आमच्या ओर्जेलिस बँडच्या अठरा मिनिटांच्या गाण्यात शेवटी एक सूर आहे, एकोणीस सेकंदांचा, गिटारच्याही वर जाणारा. फ्रान्समध्ये आम्हाला काळं कुत्रं विचारत नव्हतं, तेव्हा त्या एका सुरासाठी जपानहून पत्रं यायची. पुढे त्याची बायको सोडून गेली, सूर राहिला. गेली दोन वर्षं तोही दगा द्यायला लागला, म्हणून लिओनेलने हा उपाय काढला.

एका संगीत महोत्सवात आम्हाला दुपारी तीनची वेळ मिळाली. समोर रणरणत्या उन्हात चार हजार माणसं. मंचामागे रेजिसने माझं मनगट धरलं.

“ओदील, आज मी स्वतः लावणार. महिनाभर रिकाम्या बसमध्ये घोटलाय गं. मी मूठ वर केली तरच कीबोर्डाची पट्टी दाब. नाहीतर हात लावायचा नाही. शपथ?”

“शपथ,” मी म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

गाणं शेवटाला आलं, ड्रम थांबले. रेजिसने डोळे मिटले आणि सूर निघाला. बारीक, थरथरता, पण नेमका जागेवर. एक सेकंद, दोन, तीन. मूठ खालीच. तेवढ्यात लिओनेलने पलीकडून ‘दाब’ म्हणून डोळे वटारले. मी पट्टी दाबली.

तरुण रेजिस स्पीकरमधून गरजला. खऱ्या रेजिसने डोळे उघडले, तोंड मिटलं आणि माइक छातीशी धरून उभा राहिला. सूर मात्र चालूच. चार हजारांत एकाला तरी कळावं? छे! मेले हात उंचावून बेभान ओरडत होते.

“आवाज अजून तस्साच हो!” खाली उतरल्यावर जो तो म्हणत होता. रेजिस सह्या देत, मान तुकवत राहिला. मग तंबूमागे त्याने मला गाठलं.

“खरं सांग. माझा लागत होता का?”

लागत होता. माझ्या कानांनी ऐकला होता. पण ते बोलले असते, तर मी काय केलं तेही बोलावं लागलं असतं.

“नाही रे,” मी म्हणाले. “फाटत होता.”

त्याने मान डोलावली. “मग बरं केलंस. अब्रू वाचवलीस माझी. आता पुन्हा नाही लावायचा मी.”

मग वाकून त्याने माझा कीबोर्ड उचलला. “राहू दे, तुझी पाठ दुखते ना,” म्हणाला आणि गाडीकडे चालू लागला.