एकोणचाळीस माणसं आणि एक सुटकेस

ताईच्या टॅरोच्या कोर्सचा नियम साधा होता. पन्नास वेगवेगळ्या माणसांना पत्ते वाचून दाखवायचे, प्रत्येकाचा फॉर्म भरायचा, मग प्रमाणपत्र. ताईकडे माणसं दोनच होती. एक शेजारच्या काकू. त्या पहिला पत्ता उलटायच्या आतच रडल्या आणि मोकळं वाटल्यावर पत्ते न बघताच घरी गेल्या. दुसरा मी.

"दवाखान्यातले पेशंट घे की," मी म्हटलं. ताई दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर बसते.

"त्यांच्या तोंडात नळ्या असतात. आत्मशोध काय डोंबलाचा करणार? तूच ये. पण वेगवेगळा होऊन ये."

तेव्हापासून रोज सकाळी सातला मी आपल्याच घराबाहेर जातो, दार ओढून घेतो आणि बेल वाजवतो. ताई दार उघडते, अनोळखी चेहरा करते आणि "या, बसा" म्हणते. एरवी ती मला भोवऱ्या म्हणते, कारण मी एका जागी बसत नाही. पण सात ते साडेसात मी "तुम्ही" असतो. पाणीसुद्धा ट्रेमधून येतं.

पहिल्या दिवशी मी तळ्यात बदकं पाळणाऱ्या बाई होतो. मला तळं विकायचं होतं, पण बदकांना कसं सांगायचं कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तोफेतून उडणारा सर्कसवाला होतो. मला जाळीच्या पलीकडे पडायचं होतं. मग जुळ्यांपैकी एक, ज्याला वेगळी खोली हवी होती. ताई गंभीरपणे पत्ते मांडायची, सल्ला द्यायची आणि फॉर्म भरायची. माणसं एकामागून एक मार्गी लागत होती. बदकवाल्या बाईंनी तर आठवड्यात तळं विकलं.

मार्गी न लागलेला एकच होता, मी स्वतः. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. आठ तासांच्या प्रवासावर काचांचा एक मोठा कारखाना आहे. त्यांनी मला नोकरीवर बोलावलं होतं आणि शनिवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही कळवायचं होतं. दुकानाच्या मालकांना सांगणं सोपं होतं. ताईला सांगणं अवघड होतं. आई-बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, ती एकोणीसची. तिने मला वाढवलं हे ती कधीच बोलून दाखवत नाही. बोलली असती तर मी भांडून तरी गेलो असतो.

त्या आठवड्यात माझा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. ट्रेमधलं पाणी हिंदकळायचं.

"तुमचा पाय हलतोय," ताई म्हणायची.

"माझा नाही. दीपगृहाच्या रखवालदाराचा आहे." मी त्या दिवशी रखवालदार होतो.

"त्यांना सांगा, पाणी सांडलं तर पुसावं लागेल."

कोर्सच्या मॅडम म्हणतात, टॅरो भविष्य सांगत नाही, आरसा दाखवतो. मी दुकानात लोकांना आरसा दाखवताना रोज पाहतो. लोक त्यात फक्त फ्रेम बघतात. ताईचंही तसंच व्हायला लागलं होतं. एका पत्त्यावर आठ पेले मागे टाकून एक माणूस डोंगराकडे चालला होता. ताई म्हणाली, "हा पाणी आणायला गेलाय. येईल." होडीतून पलीकडे जाणारी माणसं निघाली, तर ती म्हणाली, "सहल." रथ निघाला. "गाडीची सर्व्हिसिंग करून घ्या," ती म्हणाली आणि तसं फॉर्ममध्ये लिहिलंही. आमच्याकडे गाडी नाही. दीपगृहाच्या रखवालदाराकडे तर जागाच नव्हती लावायला.

गुरुवारी ताई फोनवर होती. हाताला चाळा हवा म्हणून मी पत्ते मोजले. अठ्ठ्याहत्तर हवेत, सत्त्याहत्तर भरले. पुन्हा मोजले, सत्त्याहत्तर. काचेचा हिशोब अर्ध्या मिलिमीटरने चुकला तरी मला झोप लागत नाही, इथे तर आख्खा पत्ता गायब होता. डब्यातल्या माहितीपुस्तिकेशी एकेक ताडून पाहिला. नव्हता तो शून्य नंबरचा: मूर्ख. काठीला गाठोडं लावून, नाक आभाळाकडे करून घराबाहेर पडलेला पोरगा, पुढे कडा, पायाशी भुंकणारा कुत्रा. पुस्तिकेत लिहिलं होतं, नवी सुरुवात. त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.

मी पुस्तिका होती तशी ठेवली.

शुक्रवारी संध्याकाळी ताई भाजी आणायला गेली, तेव्हा मी माळ्यावरून सुटकेस काढली. जायचं म्हणून नाही. फक्त चेन चालते का बघायला. चेन अर्ध्यावर अडकत होती. आतला कप्पा चाचपला तर मऊ कापड लागलं. चष्मा पुसायचं पिवळं कापड, माझ्याच दुकानातलं. त्यात तो मूर्ख गुंडाळलेला होता, कुत्र्यासकट.

मी सुटकेस परत वर टाकली आणि घरातल्या घरात सोळा चकरा मारल्या. या घरात काही लपवायचं असेल, तर सगळ्यात सुरक्षित जागा कोणती, हे ताईने बरोबर ताडलं होतं: मी कधीच उघडणार नाही ती.

शनिवारी सातला मी बेल वाजवली.

"या, बसा. चाळीसावे तुम्ही. नाव?"

"भोवऱ्या."

पेन थांबलं. "तसा एक आमच्याकडे आहे."

"तोच."

"त्यांना घरातल्या घरात सवलत मिळत नाही," ताई म्हणाली. "अडचण?"

मी खिशातून पत्ता काढून टेबलावर ठेवला. पाण्याचा पेला हलला. पाय माझाच होता.

"हा कुठे मिळाला?" तिने विचारलं.

"सुटकेसमध्ये."

"सुटकेसमध्ये तुमचं काय काम होतं?"

"तुझं काय होतं?"

तिने पत्त्यावरच्या कुत्र्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी बदकवाल्या बाईंना निघाला होता. त्या गेल्यावर मी काढून ठेवला."

"का?"

"त्या बाईंचे डोळे माझ्या भावासारखे होते."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, बंद पडत होती, पुन्हा सुरू करत होतं. मला उठून खिडकीशी जायचं होतं. नाही गेलो.

"आता वाचायचा का हा?" मी विचारलं.

"मला नाही वाचता येत. कुत्रा अडवतोय की सोबत निघालाय, ते मॅडमनाही सांगता आलं नाही." तिने फॉर्म पुढे ओढला. "बारापर्यंत कळवायचंय ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"छत्तीस नंबरच्या रखवालदाराने. दीपगृहाला शनिवारी बाराची मुदत कोण देतं रे गाढवा?"

'सल्ला' या रकान्यात तिने काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. "जा," एवढंच होतं. त्याखाली बारीक अक्षरात, "उरलेली दहा माणसं फोनवरून द्यावीत, रोज सातला."

मी तिथेच बसून कारखान्याला 'हो' पाठवलं. बोट दोनदा चुकलं.

मान वर केली तर ताई खुर्चीवर चढून माळ्यावरची सुटकेस ओढत होती. ती खाली ठेवून तिने लाइट गेल्यावर लावायची जाड मेणबत्ती आणली आणि चेनीच्या दातांवर घासायला लागली.

"कुठे अडकते?"

"मध्ये."

ती उघडत होती, मिटत होती, घासत होती. पाचव्या खेपेला चेन सरळ गेली. तरी ती उघडत-मिटतच राहिली.