फावल्या वेळातली सुई

वन्सं, म्हणजे माझी नणंद, जिवंत होत्या तोवर आमचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नाही, आणि त्या गेल्यावर त्यांच्या वतीने भांडायची पाळी माझ्यावरच आली. याला म्हणतात भोग.

मी अठराव्या वर्षी संस्थेच्या कार्डखोलीत लागले तेव्हा वन्सं तिथल्या प्रमुख होत्या. दोन वर्षं माझं काम बघितलं आणि मला आपल्या धाकट्या भावासाठी पसंत केलं. घरी म्हणाल्या, मुलीचा हात चालतो. तोंडही चालतं हे त्यांनी सांगितलं नाही, ते आमच्या ह्यांना लग्नानंतर कळलं. मग काय, दिवसभर त्या माझ्या साहेब आणि संध्याकाळी नणंद. बाकीच्यांना सहा वाजता सुट्टी व्हायची, मला ती कधी झालीच नाही.

तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे तुमच्या मांडीवर बसतो तो नव्हे. सहा लोखंडी कपाटं, एक अख्खी खोली, आणि त्याला थंडी लागेल की गरम होईल याची काळजी आमच्यापेक्षा जास्त. त्याला काही सांगायचं तर जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून सांगायचं. एका ओळीला एक कार्ड. वन्संचा एक प्रोग्राम होता, तीनशे बारा कार्डांचा. वर्षाचा आकडा द्यायचा, की यंत्र खडखड करून त्या वर्षाचं कॅलेंडर छापायचं. संस्थेतल्या प्रत्येकाच्या घरी ते भिंतीवर असायचं.

पुढे यंत्र म्हातारं झालं, तळघरात गेलं, भंगारात जायचं ते आमच्या जुन्या इंजिनिअरमुळे वाचलं. हा माणूस निवृत्त झाल्यावर चार वर्षं दर शनिवारी तळघरात जाऊन बसायचा. त्याच्या बायकोला आधी संशय आला, मग तिने स्वतः जाऊन बघितलं आणि म्हणाली, यापेक्षा संशय बरा होता. पण पठ्ठ्याने यंत्र चालू केलं. संस्थेला जाग आली. यंत्राला साठ वर्षं झाली म्हणून संग्रहालय काढायचं ठरलं, आणि उद्‌घाटनाला वन्संचा प्रोग्राम चालवून कॅलेंडर छापायचं ठरलं. वरातीमागून घोडं, पण आलं तरी.

आठवडाभर आधी मला बघायला बोलावलं. कार्डखोलीतल्या सात जणींपैकी आता मी एकटीच उरले आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गेले. काचेची कपाटं, मंद दिवे, सगळं झकास. आणि तिसऱ्या कपाटात वन्संची सुई. लांब, बारीक, लोखंडी. खाली छापील पाटी:

'विणकामाची सुई. महिला कर्मचाऱ्यांचा फावल्या वेळातील विरंगुळा. टोक अतिवापराने झिजलेले.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वन्सं आणि विणकाम! अहो, त्या बाईंना शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. लहानपणी आमच्या ह्यांच्या गणवेशाला एकदा लावलं, ते बाहीला शिवून ठेवलं, आणि पोरगं दिवसभर हात दुमडून शाळेत बसलं. आणि फावला वेळ? कार्डखोलीत फावला वेळ असता तर मी त्यांच्याशी आणखी नसते का भांडले?

पाटी लिहिणारी मुलगी तिथेच होती. तिला मी मनात मोजेवाली म्हणते, कारण तिच्या हातात सदा पांढरे हातमोजे. जुन्या वस्तू जपायचं रीतसर शिकून आलेली, गोड बोलणारी. मी तिला सांगितलं की ही सुई गठ्ठा तपासायची आहे. एका आकड्याची कार्डं एकत्र लावून झाली, की सगळ्यांना एकाच जागी भोक असतं, त्यातून सुई घालायची. आरपार गेली तर गठ्ठा बरोबर, अडली तर जिथे अडली ते कार्ड चुकीचं. दिवसातून शंभरदा हेच. मोजेवालीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, याला काही लेखी पुरावा आहे का?"

लेखी पुरावा म्हणजे दान दिलेल्या वस्तूंची यादी. ती केली होती आमच्या ह्यांनी, वन्संची पेटी संस्थेला दिली तेव्हा. त्यात लिहिलं होतं: 'सुई, एक.' बस. नवऱ्याकडून याद्या करून घेऊ नयेत.

मी संचालकांकडे गेले. बिचारा सभ्य माणूस, पण प्रत्येक वाक्यात समिती. पाट्या समितीने मंजूर केल्यात, समितीची पुढची बैठक समारंभानंतर, तेव्हा पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षीचं बोलणं माझ्या वयाच्या बाईशी करू नये. मी उद्या गेले की खरं सांगणारं कुणी उरणार नाही, पाटी मात्र उरेल. तीस वर्षांत ज्या बाईंनी एकही गठ्ठा चुकीचा पुढे जाऊ दिला नाही, त्या नोकरीच्या वेळात विणत बसायच्या असं पोरंटोरं वाचणार. मला रडूच आलं. वन्संसाठी मी रडेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

निघता निघता कार्डांचा गठ्ठा दिसला, आणि मी थबकले. गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत निळ्या शाईची तिरकी रेघ असायची. ती नव्हती. मोजेवाली आनंदाने म्हणाली की कुणीतरी पेनाने रेघोटी मारून ठेवली होती, तिने तीन आठवडे कापसाने एकेका कार्डाची कड पुसून ती काढली. मी खुर्ची मागितली. बसून तिला सांगितलं, बाई, ती रेघ वन्संनीच ओढलेली. गठ्ठा पडून विस्कटला तर रेघ जुळवायची, की कार्डं पुन्हा ओळीने लागतात. मोजेवालीचा चेहरा तिच्या मोज्यांसारखा झाला. संचालकांनी मात्र हसून धीर दिला.

"पण पाडणार कोण?" ते म्हणाले.

कार्डखोलीत हे वाक्य उच्चारायला बंदी होती. एकदा एका नव्या मुलीने उच्चारलं, तर वन्संनी तिला आठवडाभर गठ्ठ्याला हात लावू दिला नाही.

समारंभाच्या दिवशी मी तासभर आधी पोचले. पाहुणे यायचे होते आणि संचालकांना फोटोसाठी तालीम करायची होती. गठ्ठा तबकात ठेवून दारापासून यंत्रापर्यंत त्यांनी स्वतः चालत न्यायचा, असं ठरलेलं. गठ्ठ्याला रबरबँड नाही, कारण मोजेवालीच्या शास्त्रात रबराने कागद खराब होतो. संचालक फोटोवाल्याकडे बघत, हसत, सावकाश निघाले. माईकची वायर वाटेत होती. वायरीने तिचं काम केलं.

तीनशे बारा कार्डं. कपाटांखाली, खुर्च्यांखाली, एक तर थेट फुलदाणीत.  इंजिनिअर स्टुलावर बसला आणि त्याने चष्मा काढून ठेवला, म्हणजे बघायलाच नको. कार्डांवर अक्षरंही नव्हती, आमच्या भोकं पाडायच्या मशीनची शाईची रिबीन कायम सुकलेली, त्यामुळे नुसती भोकं. कार्डं लावणारं वेगळं यंत्र असायचं, तेही तिथे होतं, पण बाहेरून रंगवलेलं आणि आतून रिकामं.

संचालक माझ्याकडे आले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, आजी, काही करता येईल का? अडला हरी... पुढचं म्हणत नाही, त्यात मी गाढव ठरते.

मी म्हटलं, करता येईल. प्रत्येक कार्डाच्या शेवटी त्याचा क्रमांक भोकांत असतो, मला तो डोळ्यांनी वाचता येतो, तुम्हाला पाच मिनिटांत शिकवते. पण घाईत चुका होतात, आणि एक कार्ड चुकलं की यंत्र अडून बसेल. म्हणून तपासायला काहीतरी पाहिजे. इंजिनिअरने स्क्रू ड्रायव्हर पुढे केला, तो भोकात जाईना. तार आणली, ती वाकली.

"तिसरं कपाट उघडा," मी म्हटलं.

मोजेवाली म्हणाली की संग्रहातली वस्तू वापरायला काढता येत नाही, अर्ज करावा लागतो, समिती... संचालकांनी आयुष्यात पहिल्यांदा समिती हा शब्द अर्ध्यावर तोडला आणि किल्ली दिली. सुई मखमलीच्या तबकातून आली, बरोबर माझ्यासाठी मोज्यांचा नवा जोड. मी मोजे तबकात ठेवले आणि सुई उचलली. हाताला ती ओळखीची लागली.

मी, मोजेवाली आणि इंजिनिअर, आम्ही तिघं जमिनीवर बसलो, म्हणजे ती दोघं बसली, माझे गुडघे म्हणून मला टेबल. आधी एकंचे दहा गठ्ठे, मग ते गोळा करून दहंचे, मग शतंचे. मोजेवालीच्या मोज्यांना कार्डं चिकटायची, दोन दोन यायची. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिने मोजे काढून खिशात घातले. मी तरी काही बोलले नाही, आणि हे माझ्यासाठी सोपं नव्हतं.

चारचा गठ्ठा तिने मला दिला. मी तो ठोकून सारखा केला, सुई घातली. अर्ध्यात अडली. तिथलं कार्ड ओढून तिच्यासमोर धरलं. ते पाचाचं होतं. तिने ते कार्ड बाजूला ठेवलं. मग माझ्या हातातून सुई घेतली, पुन्हा स्वतः घातली. यावेळी सुई सरळ खाली टेबलाला टेकली. तिने ती बाहेर काढली आणि टोक दिव्याजवळ नेऊन पाहिलं.

"हे झिजलेलं नाहीये," ती म्हणाली. "मुद्दाम घासलंय."

"भोक फाटू नये म्हणून. मागच्या पायरीच्या दगडावर घासलं त्यांनी. मी पाणी घालत होते."

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, ते हेच. पुढे काम भराभर झालं. मोजून तीनशे अकरा भरली. शेवटचं कार्ड संचालकांच्या बुटाखाली सापडलं, ते सगळा वेळ त्यावरच उभे राहून घाबरत होते. मी ते टेबलाच्या कडेवर घासून सपाट केलं. बुटाचा ठसा राहिला, पण ठशाने यंत्राला काही होत नाही.

पाहुणे आले, भाषणं झाली. इंजिनिअरने बटण दाबलं, यंत्राने कार्डं एकेक करत आत ओढली. बुटाचं कार्डही गेलं. मग छपाई सुरू झाली. जानेवारी आला, फेब्रुवारी आला, कागद जमिनीवर घड्या पडत उतरत राहिला. इंजिनिअर उघड उघड रडला. त्याची बायको पहिल्या रांगेत होती, तीही.

टाळ्या चालू असताना मोजेवाली माझ्याजवळ आली. हातात एक कोरं कार्ड आणि पेन, आणि हात उघडे. तिसऱ्या कपाटातली पाटी तिने काढून टाकली होती. म्हणाली, आजी, सांगा, काय लिहू? मी जन्मभर बोलत आले, आणि नेमकं तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. वन्संबद्दल चांगलं बोलायची सवय नव्हती ना. मग सांगितलं, आणि तिने लिहिलं:

'गठ्ठा तपासायची सुई. टोक कार्डखोलीच्या प्रमुखांनी स्वतः घासलेलं. तीस वर्षांत त्यांचा एकही गठ्ठा चुकला नाही. त्यांना विणकाम येत नव्हतं.'

संचालक वाचायला आले. बाकी सगळं उत्तम आहे म्हणाले, शेवटचं वाक्य मात्र जरा अनावश्यक वाटतं, समितीला विचारून काढू या. मी यंत्राजवळ गेले, गठ्ठा दोन्ही हातांत घेतला आणि त्यांना विचारलं, पाडू?

ते वाक्य अजून तिथे आहे.